पुढचा खेळ कोणता?



गेल्या सुट्टीत तिरुनीलक्कुडीस, आमच्या घराच्या ओसरीवर, चेन्नईहून आलेल्या नातवाने मला विचारले, "आजोबा, आता पुढचा खेळ कोणता घेऊ?" २०२२ सालचा 'एल्डन रिंग' त्याने नुकताच पुरा केला होता. पैसे एकाच खेळापुरते होते आणि बारावीचे वर्ष तोंडावर आले होते.

या विषयात मी निरक्षर. म्हटले, समजावून सांग, पण मराठीत. १८५५ साली तंजावरचे मराठी राज्य गेले. भाषा आम्ही घरात कशीबशी राखली. तमिळ-इंग्रजीत वाढलेला हा मुलगा शब्द चाचपडत का होईना, अर्धा तास बोलला.

'एल्डन रिंग'मध्ये शत्रू भारी वाटला तर अन्यत्र हिंडून, बळ वाढवून परतता येते. मरण आले की मिळकत तेथेच पडते; ती उचलण्यापूर्वी पुन्हा मेलात तर कायमची गेली. २०१९ च्या 'सेकिरो'त ही सवड फार थोडी. तेथे अंगबळ वाढते ते मुख्यत्वे मोठे शत्रू जिंकूनच, आणि वार नेमक्या क्षणी तलवारीवर झेलावा लागतो. पुण्यात घडलेल्या 'राजी'चे (२०२०) नाव ऐकून मी हरखलो, तो म्हणाला, "तो लवकर संपेल, आजोबा."

मी 'सेकिरो' सुचविला, परंतु परीक्षेनंतर. तोवर दर रविवारी दूरध्वनीवरून त्याने मला जुन्या खेळाची कथा मराठीत सांगावी, असे ठरले. आजवर दोनच रविवार चुकले आहेत.