चिचुंद्रीची कस्तुरी

कस्तुरीवर आम्हा कवींनी भरपूर लिहिलं. चिचुंद्रीवर मात्र कुणी ओळ खर्चत नाही. सोनपेठच्या जुन्या माळवदाच्या घरांत दिवेलागणीला ती भिंतीच्या कडेनं चिकचिक करत पळते आणि मागे उग्र दर्प ठेवून जाते. कुणी तिला लक्ष्मी म्हणतं, कुणी पायातली चप्पल हातात घेतं.

तिच्या दोन्ही कुशींवर, केसांआड, गंधग्रंथी असतात. नराच्या अधिक मोठ्या. मी बी.ए. झालेला, मला विज्ञानाचा गंध नाही. पण जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्रानं सूक्ष्मदर्शकाखाली कातडीतली तैलग्रंथी दाखवली, तेव्हा हे काम कसं चालतं ते कळलं. ग्रंथी दिसते द्राक्षाच्या घडासारखी. कडेच्या पेशी विभागत राहतात, नव्या जुन्यांना आत ढकलतात. आत सरकता सरकता पेशीत तेलाचे थेंब साठतात, केंद्रक आक्रसतं आणि शेवटी पेशीच फुटते. जो स्राव बाहेर येतो तो म्हणजे ती पेशी स्वतःच. गंमत अशी, की नमुना तयार करताना तेल विरघळून जातं. ज्यासाठी पेशी मेली ते काचेवर दिसतच नाही, दिसतात नुसत्या रिकाम्या जागा!

चिचुंद्रीच्या कुशीत या तैलग्रंथींखाली घामग्रंथींच्या वेटोळ्या नळ्याही असतात. तिथल्या पेशी फुटत नाहीत, नुसत्या पाझरतात. मादागास्करच्या वलयांकित शेपटीच्या लेमूरनं ही दोन खाती वेगळी ठेवली आहेत. नराच्या खांद्याशी एक ग्रंथी, मनगटाच्या आत दुसरी. दोन्हींचा वास तो शेपटीला चोपडतो आणि प्रतिस्पर्ध्यासमोर ती झुलवतो. वासाचीच कुस्ती! टोकियोच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की विणीच्या हंगामात नराच्या मनगटाचा वास फळासारखा गोड होतो आणि माद्या तो जास्त वेळ हुंगतात.

अत्तरवाले कस्तुरीला ‘मुश्क’ म्हणतात. हा फारसी शब्द संस्कृत ‘मुष्क’वरून आला, आणि त्याचं मूळ आहे ‘मूष्’, म्हणजे उंदीर. चिचुंद्रीलाही संस्कृतात गंधमूषिका म्हटलंय. खरं तर ती उंदीर नाहीच. ती झुरळं, किडे खाते. मांजर तिला पकडतं, पण वासामुळे बहुधा टाकून देतं. आपण मात्र उंदरांसाठी विषाच्या गोळ्या ठेवतो आणि सकाळी कोपऱ्यात हीच मेलेली सापडते. मग नाकाला पदर लावून तिला केरात टाकतो.