लोकांच्या हातांतला कॅमेरा

लोकप्रिय कॅमेरा कोणता, हें दुकानदारास विचारूं नये; लोकांच्या छायाचित्रांनाच विचारावें. २००४ सालीं निघालेल्या ‘फ्लिकर’ या संकेतस्थळानें तशी सोय केली. डिजिटल छायाचित्राच्या पोटांत कॅमेऱ्याचें नांव आपोआप नोंदलेलें असतें. तें वाचून, रोज किती सभासदांनीं कोणत्या कॅमेऱ्याचीं चित्रें पाठविलीं, याचा आलेख तेथें काढीत. मोजणी माणसांची, चित्रांची नव्हे, हें योग्यच.

२०११ सालीं आयफोन ४ नें निकॉन डी-९० या भारदस्त यंत्रास मागें टाकलें. गुणांनीं नव्हे! निकॉनचें प्रकाशग्राही पटल कितीतरी मोठें, भिंगेंहि बदलतां येणारीं. मंद उजेडांत तेंच सरस. पण तें कपाटांत राही, फोन खिशांत. शिवाय सुमारें एक-तृतीयांश चित्रांत कॅमेऱ्याची ओळखच पटत नसे, आणि ही अडचण विशेषेंकरून फोनांची. म्हणजे त्यांची खरी संख्या आलेखाहून मोठीच होती.