लाहौलचे रंगीत मोजे

मनालीच्या बाजारातून कधी लोकरीचे रंगीबेरंगी मोजे आणलेत? त्यांचं माहेर रोहतांग खिंडीपलीकडच्या लाहौल खोऱ्यात आहे. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू होईपर्यंत हिवाळ्यात बर्फानं खिंड बंद व्हायची, खोरं जगापासून तुटायचं आणि घराघरात सुया चालू व्हायच्या. एकोणिसाव्या शतकात केलाँगला आलेल्या मोराव्हियन मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना हे विणकाम शिकवलं. रंग आणि नक्षी मात्र लाहौलची. २०२१ मध्ये या मोज्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

कुणाला भेट म्हणून असा जोड स्वतः विणायचा आहे? दोन्ही टोकं निमुळती असलेल्या चार-पाच सुया घ्या. त्यांवर गोल विणलं की शिवण येत नाही. नक्षीत दोन रंग एकदम चालतात. जो नको तो धागा मागून न्यायचा, पण सैल! ओढून धरलात तर मोजा दिसेल देखणा आणि पायात शिरणारच नाही. खरी परीक्षा टाचेची. तिथे टाके मोजताना शेजारणीशी गप्पा नकोत.

माप कसं घ्यायचं? ज्यांना द्यायचा त्यांचा जुना मोजा गुपचूप कागदावर आखून घ्या. पायापेक्षा मोजा बोटभर आखूडच विणा, लोकर ताणली जाते. आणि देताना एवढं नक्की सांगा: गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत आडवे वाळवा.