राबायला तरुण, ठरवायला दुसरेच

 वसईच्या या युवा मेळाव्यात आधी एक तक्रार मांडणे भाग आहे. आपल्या धर्मग्रामांत तरुणांचे कौतुक करण्यात कुणी हात आखडता घेत नाही. सणाच्या दिवशी त्यांचे आभार मानले जातात, त्यांना ‘उद्याची ख्रिस्तसभा’ म्हटले जाते, टाळ्या पडतात. पण पॅरिश कौन्सिलची बैठक भरते तेव्हा त्या खोलीत पंचविशीतला एखादाच चेहरा दिसतो आणि तोही बहुधा इतिवृत्त लिहायला बसवलेला असतो.

हे थांबले पाहिजे.

नाताळचा गोठा कोण उभारते? पवित्र सप्ताहातल्या गर्दीला वाट कोण करून देते? मिस्साचे थेट प्रक्षेपण कोण सांभाळते, रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग कोण घेते, पावसात वसई पाण्याखाली गेली की घरोघरी जेवण कोण पोचवते? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र सणाच्या रोषणाईवर किती खर्च करायचा आणि गरजू मुलांच्या फीसाठी किती ठेवायचे, हा प्रश्न निघाला की तीच मुले एकाएकी लहान ठरतात. दिवसभर बँकेत कर्जप्रकरणे तपासणाऱ्या मुलीला धर्मग्रामाचा जमाखर्च कळणार नाही असे धरून चालणे हा तिचा अपमान आहे. तो आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत.

चर्चचा कायदाच तसा आहे, अशी सबब पुढे केली जाते. मग तो कायदा उघडून वाचावा. १९८३च्या धर्मविधिसंहितेतले २१२वे कलम सांगते की, आपल्या ज्ञानाला आणि योग्यतेला अनुसरून धर्माधिकाऱ्यांपुढे मत मांडण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे, आणि काही वेळा ते त्यांचे कर्तव्यच असते. ५३७व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. त्या समितीत केस पिकलेल्यांनीच बसावे, असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही. पालकीय परिषदेचे, म्हणजे पॅरिश कौन्सिलचे, मत केवळ सल्ल्यापुरते असते, हे ५३६वे कलम सांगते. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु सल्ला मागायचाच नाही, किंवा निर्णय झाल्यावर तो कळवण्यापुरते तरुणांना बोलवायचे, ही मुभा कोणत्याही कलमाने दिलेली नाही.

रोमही जागचे हलले आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये बिशपांचे धर्मसंमेलन खास तरुणांच्या विषयावर भरले. तिथे तरुण बसले, बोलले, पण त्यांना मताधिकार नव्हता. मार्च २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘ख्रिस्तुस व्हिव्हित’ हे पत्र काढले आणि युवा सेवाकार्याचे कर्ते स्वतः तरुणच असतात, ही भूमिका त्यात मांडली. त्याच वर्षी जानेवारीत पनामाच्या जागतिक युवा दिनी त्यांनी तरुणांना बजावले होते की, ते देवाचा ‘उद्या’ नसून ‘आज’ आहेत. ऑक्टोबर २०२३च्या धर्मसंमेलनात तर स्त्रिया आणि इतर प्रापंचिक पहिल्यांदाच मतदार म्हणून बसले. जे व्हॅटिकनला पाच वर्षांत जमले, ते आपल्या एखाद्या धर्मग्रामाला पंचवीस वर्षांत का जमू नये?

तरुणांच्या हाती सूत्रे दिली तर काय घडते, याचा दाखला १८३३च्या पॅरिसमध्ये आहे. वीस वर्षांचा फ्रेडरिक ओझानाम कायद्याचा विद्यार्थी होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत त्याला आव्हान मिळाले: चर्चच्या जुन्या थोरवीबद्दल तुम्ही बोलता, पण आज गरिबांसाठी काय करता? त्या प्रश्नातून मूठभर मित्रांची मंडळी उभी राहिली आणि पुढे तीच संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झाली. आज ती दीडशेच्या आसपास देशांत काम करते. वडीलधाऱ्यांनी यात काय केले, हे नीट पाहण्यासारखे आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावरचे संपादक इमॅन्युएल बेली यांनी अध्यक्षपद सांभाळून मुलांना आधार दिला. सिस्टर रोझली रेंद्यू यांनी मुफतार भागातल्या गरीब कुटुंबांची नावे दिली आणि परक्याच्या दारात कसे उभे राहायचे ते शिकवले. दोघांनीही मुलांच्या मनातली कल्पना मोडून तिथे स्वतःची बसवली नाही. आपल्याकडच्या ज्येष्ठांनी एवढेच करावे: बसायला जागा द्यावी, अनुभव द्यावा आणि मुलांच्या हातून काम होऊ द्यावे.

बेल्जियममध्ये जोसेफ कार्डाइन या धर्मगुरूंनी याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. १९२५मध्ये त्यांच्या पुढाकाराने यंग ख्रिश्चन वर्कर्स ही चळवळ आकाराला आली. कामगार तरुणांमध्ये सुवार्ता नेण्याचे काम कामगार तरुणच करतील, हा त्यांचा आग्रह होता. पाहा, पारखा आणि कृती करा, ही त्यांची पद्धत पोप तेविसावे जॉन यांनी १९६१च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात उचलून धरली. आपल्या बहुतेक युवा बैठकांत पाहणे आणि पारखणे आधीच कुणीतरी उरकलेले असते. तरुणांच्या वाट्याला नुसती कृती उरते. विचार करायला मिळत नसेल, तर हुशार तरुण दोन वर्षांत कंटाळून निघून जातो. मग आपण त्यालाच बेजबाबदार ठरवतो.

आता तरुण नेत्यांनाही चार शब्द ऐकवायला हवेत, कारण दोष एकाच बाजूचा नाही.

गायकवृंद असो की युवा संघटना, कितीतरी ठिकाणी एकच व्यक्ती आठ-दहा वर्षे पुढारपण धरून बसते. व्हॉट्सॲप गटाची सूत्रे तिच्याकडे, पैशांचा हिशेब तिच्या खिशातल्या वहीत आणि कुणाला गायला मिळेल हे तिच्या मर्जीवर. नव्याने आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कळते की, इथे आत शिरायला ओळख लागते. अशांनी जून २०२१चे व्हॅटिकनचे फर्मान वाचावे. प्रापंचिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांमध्ये पदाची एक मुदत पाच वर्षांपलीकडे नको आणि सलग दहा वर्षांहून अधिक काळ पदावर राहायचे नाही, असे त्यात ठरवले गेले. लांबलेल्या सत्तेतून माणसांचे शोषण होते, हा अनुभव त्यामागे होता. जगभर पसरलेल्या संघटनेला जी मर्यादा लागते, ती सत्तर मुलांच्या युवा संघटनेला का नको?

पद सोडणे ही नेतृत्वातली अखेरची औपचारिकता नसून त्याचा गाभा आहे. पिएर जॉर्जो फ्रसाती यांना सप्टेंबर २०२५मध्ये संत घोषित केल्यापासून डोंगर चढणाऱ्या या हसऱ्या तरुणाची चित्रे सगळीकडे लागली आहेत. त्यांच्या हातची अखेरची चिठ्ठीही शेजारी लावायला हवी. तोरिनोतल्या एका बड्या वृत्तपत्राच्या मालकाचा हा मुलगा खाणकाम अभियांत्रिकी शिकत होता आणि गरिबांच्या घरी नेमाने जात होता. जुलै १९२५मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पोलिओने त्याचा देह जखडला. अधू होत चाललेल्या हाताने त्याने मित्राला चिठ्ठी लिहिली: ही इंजेक्शने अमक्या गरीब माणसाची, ही गहाणवटीची पावती तमक्याची, तिची मुदत वाढवायची आहे. दुसऱ्या दिवशी तो गेला. मरणाच्या दारात त्याने कामाची जबाबदारी दुसऱ्याच्या हाती नीट सोपवली. आपले नेते लग्न ठरल्यावर किंवा कॅनडाचा व्हिसा आल्यावर एका संदेशात राजीनामा टाकतात आणि त्यांच्या मागे ना यादी सापडते ना हिशेब.

‘हल्लीची मुले टिकत नाहीत’ हे वाक्य वारंवार कानी येते. ही मुले जगतात कशी, ते आधी पाहावे. सकाळी विरार किंवा वसई रोडहून चर्चगेट गाठणारा मुलगा रात्री नऊला घरी परततो. त्याच्यासाठी संध्याकाळी सहाची बैठक म्हणजे न बोलावल्यातच जमा. रोजची हजेरी मागणारी सेवा त्याला झेपणार नाही. तीन महिन्यांचे, नेमून दिलेले, संपणारे काम त्याला नक्की झेपेल. बैठक रविवारच्या मिस्सानंतर तासाभरात आटोपता येते, उरलेले फोनवर होते. परदेशी गेलेल्या मुलीला तिथून मराठीत उपासनेची तयारी करता येते. कामाची रचना माणसाच्या आयुष्याला धरून केली, तर माणसे येतात.

आणि लहान मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या बाबतीत ढिलाई चालणार नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या, शिबिराला जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला हे शिकवलेच पाहिजे. धर्मविधिसंहितेचे २३१वे कलम चर्चच्या विशेष सेवेतल्या प्रापंचिकांना योग्य प्रशिक्षण घ्यायला सांगते. नुसत्या चांगुलपणावर मुले सुरक्षित राहत नाहीत.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या वसईला हे सारे परके वाटू नये. ‘सुवार्ता’चे संपादक म्हणून त्यांनी मराठीत लिहिले. हरित वसईच्या चळवळीत ते सामान्य माणसांबरोबर रस्त्यावर उतरले. २०२०च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. सत्तेपुढे मान ताठ ठेवायला त्यांनी या भूमीला शिकवले. तोच ताठपणा आपल्या घरातल्या सवयींपुढेही दाखवावा.

म्हणून या मेळाव्यापुढे चार मागण्या आहेत. प्रत्येक धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेत आणि अर्थसमितीत तिशीखालचे किमान दोन सदस्य घ्यावेत आणि त्यांत एक स्त्री असावी. प्रत्येक सेवागटाच्या प्रमुखाची मुदत तीन वर्षांची असावी आणि पहिल्याच वर्षी त्याने आपल्या जागी येणाऱ्याची तयारी सुरू करावी. युवा गटाला वर्षाचा ठरावीक निधी मिळावा आणि त्याचा हिशेब चर्चच्या फलकावर लागावा. मुलांसोबत काम करणाऱ्या कुणालाही सुरक्षेच्या प्रशिक्षणाशिवाय कामाला लावू नये. या चार मागण्यांवर हात वर करून मत द्या. जे विरोधात असतील त्यांनी उभे राहून कारण सांगावे. त्यांचे म्हणणे इथे शांतपणे ऐकले जाईल आणि आजच त्याला उत्तरही दिले जाईल.