शहराचे पाणी आणि देखभालीचे अर्थकारण



नगरव्यवस्थेच्या चर्चेत जे प्रश्न क्षुल्लक म्हणून बाजूला सारले जातात, त्यांत पावसाळी पाण्याच्या साठवण टाक्यांची देखभाल हा एक आहे. टाकी बांधली जाते तेव्हा कोनशिला बसते, पुढारी येतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात. त्याच टाकीतील गाळ यंदा उपसला गेला की नाही, याची वार्ता मात्र कोठेच छापून येत नाही. वस्तुतः टाकी वस्तीला वाचवणार की बुडवणार, हे त्या न छापलेल्या वार्तेवरच ठरते.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बेटांमधील खाड्या बुजवून उभ्या राहिलेल्या या शहराचे अनेक भाग समुद्राच्या भरतीच्या पातळीहून खाली आहेत. भरतीच्या वेळी पर्जन्य जलवाहिन्यांची पातमुखे निरुपयोगी होतात आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस कोसळला, तर पाण्याला वाट उरत नाही. अशा वेळी दोनच उपाय संभवतात : पाणी पंपांनी समुद्रात लोटणे, किंवा ओहोटी लागेपर्यंत ते कोठेतरी धरून ठेवणे. परळ-दादरच्या सीमेवरील हिंदमाता हा भाग बशीसारखा खोलगट. ब्रिटानिया उदंचन केंद्र उभारूनही तेथील पाणी ओसरेना, तेव्हा महापालिकेने झेवियर्स मैदान आणि प्रमोद महाजन कला पार्क येथे भूमिगत साठवण टाक्या बांधल्या.

या टाक्यांचे गणित साधे आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे एका हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडल्यास पाच लाख लिटर पाणी जमते. शहरात बहुतेक जमीन काँक्रीट आणि डांबराने झाकलेली असल्याने त्यातले फारच थोडे मुरते. एक कोटी लिटरची टाकी अशा पावसात 20 हेक्टरांचे तासाभराचे पाणी धरू शकते. तिचा पाचवा हिस्सा गाळाने भरला, तर चार हेक्टरांचे पाणी रस्त्यावर आणि तेथून चाळींच्या तळमजल्यांत शिरते. आणि पहिल्या सरीचे पाणी दुसऱ्या सरीपूर्वी बाहेर काढले गेले नाही, तर गाळ नसतानाही टाकीची उपयुक्तता शून्य होते. भरलेली टाकी आणि नसलेली टाकी यांत पुराच्या दृष्टीने काहीच भेद नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत गाळ म्हणजे टाकीचा घसारा होय. कारखानदार आपल्या यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद दरसाल करतो. सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो. मुंबई महापालिकेच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा आकार 74,427 कोटी रुपयांचा होता आणि त्यात भांडवली खर्चासाठी सुमारे 43,162 कोटी, म्हणजे 58 टक्के, राखले होते. नवी कामे व्हावीत यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु प्रत्येक भांडवली कामाच्या पोटी दरवर्षीचा महसुली खर्च जन्माला येतो : पंपांची दुरुस्ती, जाळ्यांची सफाई, झडपांची चाचणी, गाळ उपसा, आणि हे सारे करणाऱ्या माणसांचे वेतन. हा खर्च कोणाच्या नावाने ओळखला जात नाही. म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावरच पडते.

जो खर्च होतो, तोही बहुतांशी कंत्राटाच्या वाटेने. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. पावसाळापूर्व कामांची मुदत 31 मे धरण्याची जुनी वहिवाट त्या एका दिवसात उघडी पडली. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी येथील छोटी उदंचन केंद्रे पूर्ण क्षमतेने न चालल्याबद्दल महापालिकेने चालक कंत्राटदारांना प्रत्येकी 10 लाख रुपये दंड केला. त्याच महिन्यात मिठी नदीच्या गाळ उपशातील सुमारे 65 कोटी रुपयांच्या कथित अपहाराबद्दल मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु दोष एखाद्या कंत्राटदाराच्या नीतिमत्तेपुरता मानून थांबता येणार नाही. गाळाचे देयक काढलेल्या वजनावर ठरते, आणि शहराला गरज असते ती मोकळ्या झालेल्या खोलीची. वजन कागदावर वाढवता येते. टाकीची खोली मात्र पट्टी लावून कोणालाही मोजता येते. जेथे मोजमापच चुकीच्या वस्तूचे, तेथे दंडाने काय साधणार ?

या प्रश्नाची दुसरी बाजू श्रमिकांची आहे. बंदिस्त टाकीत सांडपाणी मिसळलेला गाळ कुजतो आणि त्यातून विषारी वायू निर्माण होतात. 2013 च्या कायद्याने गटारे व मलटाक्यांच्या घातक सफाईसाठी माणसे उतरवण्यास मनाई केली. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपयांपर्यंत वाढवली. तथापि भरपाई म्हणजे संरक्षण नव्हे. वायूमापक, वायुवीजन, यंत्राने उपसा आणि प्रशिक्षित, कायम कामगार यांवाचून साठवण टाकीची देखभाल करणे म्हणजे एका गरिबाचे घर कोरडे राखण्यासाठी दुसऱ्या गरिबाचा जीव धोक्यात घालणे होय. ज्या पंपचालकाला आपल्या पंपाचा आवाज वर्षानुवर्षे परिचित आहे, तो बिघाड आधीच ओळखतो. हंगामापुरता आणलेला मजूर तो कसा ओळखणार ?

टाक्या बांधण्यापूर्वी हे काम निसर्ग करीतच होता. खारफुटी आणि मिठागरे भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भराव टाकून अरुंद केलेल्या मिठीने आपली जुनी जागा परत घेतली आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. तरीही सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी घेण्यास मंजुरी दिली. श्रमिकांना घरे मिळालीच पाहिजेत. पण ती पाण्याच्या जागेत देणे म्हणजे त्यांचा पुढचा पूर त्यांच्याच नावावर लिहून ठेवणे होय.

मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महापालिकेचा कारभार लोकनियुक्त नगरसेवकांवाचून चालला. त्या काळात कोणाला जाब विचारावा हेच नागरिकांना कळेनासे झाले. लोकशाहीचा अर्थ निवडणुकीबरोबर संपत नाही, हे ध्यानी घेऊन पक्षकार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. दरवर्षी मार्चमध्ये विभाग कार्यालयात जाऊन चार गोष्टी लेखी विचाराव्यात : टाकीची मूळ खोली किती आणि आज किती, पंपांची भाराखाली चाचणी केव्हा झाली, उपसलेला गाळ कोठे टाकला, आणि हे काम करणारे कामगार कोणाच्या सेवेत, कोणत्या वेतनावर व कोणत्या साधनांनिशी आहेत. मिळालेली उत्तरे वस्तीच्या फलकावर लावावीत, आणि मेच्या आरंभी नागरिकांसमक्ष टाकीत मोजपट्टी सोडण्याचा आग्रह धरावा.

ही मागणी मोर्च्याच्या घोषणेत सहज बसत नाही, हे खरे. परंतु तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचे धान्य, बिछाने आणि मुलांची पुस्तके यांचे रक्षण त्या मोजपट्टीवर अवलंबून आहे. सार्वजनिक मालमत्ता खऱ्या अर्थाने जनतेची व्हायची असेल, तर तिच्या देखभालीचा हिशेब जनतेच्या हाती आला पाहिजे.