आयती न्याहारी
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सचिव साहेबांनी मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर बोलायला सांगितले. पण सगळे आकडे अहवालात छापलेले आहेत, आणि बँकेत मी जन्मभर आकडेच वाचले. म्हणून आज आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची गोष्ट सांगतो. तिचा आपल्या सोसायटीशी काय संबंध, ते शेवटी कळेल.

लग्न मे १९७५ चे. गेल्या वर्षी पन्नास पूर्ण होणार म्हणून पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, हॉल बुक करू का?" मी हो म्हणणार, तेवढ्यात सौ. ने फोन घेतला. म्हणाली, "हॉल नको, जेवणावळ नको. चार दिवस कुठंतरी पाठवा, जिथं सकाळचा चहा मला करावा लागणार नाही."

हॉटेलही तिला नको होते. दार लावून दोघांनी भिंतीकडे बघत बसायचे, त्यापेक्षा घर बरे, असे तिचे म्हणणे. मग मुलाने पर्यटन महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेची माहिती काढली. या योजनेत घरमालक आपल्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात आणि सकाळची न्याहारी करून घालतात. अशा पद्धतीचे एक घर चिखलदऱ्याला मिळाले.

पूर्णेहून रेल्वेने अकोला, तिथून एस.टी.ने अकोट, अंजनगाव करत परतवाडा, आणि पुढे घाट. सौ. ला बायकांची अर्धी सवलत, मला पासष्टीची अर्धी. पंचाहत्तर पूर्ण असते तर माझे तिकीट फुकट होते. एका वर्षाने चुकले! हा हिशेब मी घाट लागेपर्यंत करत होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच आहे. खाली अकोल्यात अंग भाजत होते, वर संध्याकाळी शाल लागली. आपली परभणी हिवाळ्यात स्वतःच थंड हवेचे ठिकाण असते, पण मे महिन्यात शाल म्हणजे चैनच! भीमाने कीचकाला मारून तिथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले असे सांगतात. कॉफी होते असे महाराष्ट्रातले हे दुर्मिळ ठिकाण. आजूबाजूला मेळघाटचे जंगल आणि कोरकू लोकांची वस्ती. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाहीच, वेगळ्या मुंडा कुळातली आहे.

जवळच गाविलगड आहे. सप्टेंबर १८०३ मध्ये आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात असईची लढाई जिंकणाऱ्या वेलस्लीने त्याच डिसेंबरात हा किल्ला घेतला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. मी हे सौ. ला उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "लढाया पुरे, माझे गुडघे बघा." मग आम्ही दरवाजापर्यंत जाऊन परतलो.

आता न्याहारीचे. पहिल्या सकाळी यजमानीणबाईंनी टेबलावर गरम पोहे आणि चहा आणला. सौ. दोन घास खाऊन उठली आणि थेट स्वयंपाकघरात! "काही मदत करू का?" बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा न जी काकू." परत येऊन बसली, पुन्हा उठली. असे तीनदा झाले. दुसऱ्या दिवशी दोनदा. माझ्या एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, आणि सांगायला लाज वाटते. पन्नास वर्षांत माझ्या ताटात भाकरी कायम तव्यावरून आली, पण तिला गरम भाकरी खाताना मी पाहिलेलेच नव्हते. ती जेवायला बसायची तेव्हा माझा हात धुऊन झालेला असायचा.

त्याच दिवशी दुपारी एक फोन आला. माझा फोन तिच्याजवळ होता. फोन प्लॉट-घरांचे व्यवहार करणाऱ्या एजंटचा. "काकू, गिऱ्हाईक पक्कं आहे, इसार कधी देऊ?"

मंडळी, ही गोष्ट आजवर मी कुणाला सांगितली नव्हती. मुलगा पुण्याला या म्हणत होता, आणि मी आपल्या सोसायटीतले घर विकायला जवळजवळ होकार देऊन बसलो होतो. तिला सांगितले नव्हते. 'ठरलं की सांगू' असा विचार केला होता.

ती रागावली नाही. त्या रात्री बोललीच नाही. संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा तो वेळ मला ऑडिटपेक्षा जड गेला.

दुसऱ्या दिवशी पंचबोल पॉइंटला गेलो. तिथे हाक मारली की पाच वेळा प्रतिध्वनी येतो म्हणतात. पोरं ओरडत होती. आम्ही बाकावर बसलो. ती म्हणाली, "तुमच्या अकरा बदल्या झाल्या. अकरा वेळा मी सामान बांधलं. एकदा तरी विचारलंत का, येतेस का म्हणून?"

मी म्हणालो, "नोकरी होती. तेव्हा विचारून काय उपयोग होता?"

"उपयोग नव्हता. पण विचारायचं तरी."

मग मी विचारले. पन्नास वर्षांनी, बाकावर बसून, "तुला कुठं राहायचंय?"

तिने लगेच उत्तर दिले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "लेकाकडे महिना-दोन महिने जाऊ. आजारी पडलो तर तोच बघणार आहे, ते मला कळतं. पण हातपाय चालतात तोवर परभणीतच. अकरा घरं बँकेची होती, हे एकच माझं आहे."

मी तिथूनच एजंटला फोन करून नाही म्हणून कळवले. मुलाला पटायला वेळ लागला. तो अजूनही काळजी करतो, आणि त्याचेही चूक नाही.

शेवटच्या सकाळी ती न्याहारीला बसली आणि एकदाही उठली नाही. दुसरी वाटी मागून घेतली.

आपल्यापैकी ज्यांना असे जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का, ते आधी फोनवर विचारा. औषधे दोन दिवस जास्तीची न्या, मोठ्या दवाखान्यासाठी खाली परतवाड्याला उतरावे लागते. धबधबे बघायचे तर पावसाळ्यात जा. आणि बायकोला सोबत न्या, पण फोन स्वतःजवळ ठेवू नका. जे असेल ते कळू द्या!

तर बंधू-भगिनींनो, चिखलदऱ्यात मला चिखल दिसला नाही. चिखल पाहिला तो आपल्या सोसायटीत, पहिल्या पावसाळ्यात. त्या काळ्या मातीतून चपला हातात घेऊन, फरशी आली का, बोअरला पाणी लागले का हे बघत आम्ही हिंडलो. तेव्हा बाजूच्या घरातून चहा यायचा. तो चहा सौ. ला न करता मिळायचा, हे मला आत्ता समजते. हे घर 'माझं' असं ती का म्हणाली, त्याचे एक कारण तुम्ही सगळे आहात.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे लोक आपल्याला चिडवतात. आमचे परभणीतच बनले. आता सकाळचा चहा मी करतो. साखर कमी-जास्त होते, पण ती उठत नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी असेन की नाही माहीत नाही, पण त्या अहवालात आमच्या घराचा क्रमांक आमच्याच नावावर असावा, एवढीच इच्छा.