तांब्यावर उतरलेली इंद्रसभा



केडगाव परिसरातून वेरूळला जाणारा यात्रेकरू बहुधा कैलास लेण्यातच रमतो. उत्तर टोकाच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांपर्यंत पोहोचतो तोवर परतीची घाई सुरू झालेली असते. यांतील ३२ व्या म्हणजे इंद्रसभा लेण्याचे दोनशे वर्षांपूर्वीचे छापील चित्र मात्र पाहणाऱ्यास घाई करू देत नाही.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला. पुण्यात त्याने सवाई माधवराव पेशव्यांचे चित्र रंगविले. पुण्याचे गंगाराम तांबट हे त्याचे सहकारी. त्यांनीही वेरूळची चित्रे काढली. वेल्स १७९५ मध्ये निवर्तला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ साली इंग्लंडमध्ये वेरूळच्या २४ चित्रांचा संच प्रसिद्ध केला. इंद्रसभा त्यात आहे.

ही चित्रे अम्लरेखनाच्या रीतीने छापलेली आहेत. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड तापवून बसवितात आणि पत्रा आम्लात बुडवितात. जेथे छटा फिकी राखावयाची तेथे रोगण लावून पत्रा पुन्हा बुडवितात. आम्ल जितके अधिक मुरेल तितकी छाया गडद. मेण लावून कापडाचा रंग राखणारी बाटिकची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन उमगेल. लेण्याला हीच रीत शोभते. लेणे बांधलेले नसते, डोंगर कोरून पोकळी मोकळी केलेली असते. पत्राही तसाच कोरला जातो. स्तंभांमागचा काळोख एकसारखा काळा न राहता हळूहळू आत उतरत जातो, आणि त्या वास्तूची शांतता तेथेच जाणवते.

मात्र संचाच्या शीर्षकात ही सारी लेणी ‘हिंदू’ म्हटली आहेत. ‘इंद्रसभा’ हे नावही गैरसमजातून आलेले आहे. हत्तीवर बसलेला यक्ष इंद्र समजला गेला आणि आम्रवृक्षाखालची सिंहवाहिनी अंबिका इंद्राणी ठरली. तेव्हा चित्रातील दगडावर विश्वास ठेवावा, अक्षरांवर नव्हे.

अंगणातील एकसंध मानस्तंभ १८७० च्या दशकात कोसळला, तोही लॉर्ड नॉर्थब्रूक यांच्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी, असे जेम्स बर्जेस यांनी नोंदविले आहे. पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. वेल्सने लेणी पाहिली ती त्याआधी सुमारे ऐंशी वर्षे. पुढील यात्रेस निघताना या चित्राची एक प्रत बरोबर घ्यावी आणि चौमुख मंदिराजवळ थांबून एकेक स्तंभ ताडून पाहावा. कैलास त्या दिवशी थोडा कमी पाहिला तरी चालेल.

जय जिनेन्द्र.